मागून उचललेल्या पिकअपची थरथर गेली: शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा अनुभव

गारगोटीजवळ माझी रोपवाटिका आहे. वेंगुर्ल्याहून काजूची कलमं भरायची आणि फोंडा घाट चढून वर आणायची, हे पावसाळ्याच्या तोंडावर माझं दर आठवड्याचं काम. भरलेली डबल केबिन पिकअप मागून फार बसायची, म्हणून गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये मागच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) मूळच्यापेक्षा तीन इंच लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चॅसीला टांगणाऱ्या पट्ट्या, टाकून घेतले. गाडी दीड इंच उठली, पण साठच्या पुढे गेलं की सीटखाली थरथर. तिथे सांगितलं, चाकं बॅलन्स करा. केली. मग म्हणाले, टायर बदला. टायर दहा महिन्यांचे होते. तिथून मी निघाले.

शिरोलीच्या मिस्त्रींना फोन केला तर त्यांचं पहिलंच वाक्य, "ताई, मोकळी गाडी आणू नका. रोज भरता तेवढं भरून आणा." मातीच्या पिशव्या आणि कोकोपीट मिळून चारशे किलो भरून नेलं. गाडी त्यांनी जॅकवर घेतलीच नाही. चाकं लोंबकळली की शाफ्टचे कोन बदलतात, म्हणून खड्ड्यावर उभी केली आणि डिजिटल कोनमापक लावून मोजत बसले. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा; त्याला मधे धरणाऱ्या बेअरिंगच्या पुढचा तुकडा मागे ३ अंश उतरत होता. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या पिनियनचं, म्हणजे शाफ्ट ज्याला जोडतो त्या गिअरचं, तोंडही साधारण तेवढंच वर हवं. ते निघालं ६ अंश. लांब शॅकलमुळे पाट्याचं मागचं टोक खाली गेलं, पुढचं जागेवर राहिलं, आणि डिफरन्शियलचं अख्खं हौसिंग (कवच) फिरून पिनियन आभाळाकडे बघू लागलं.

कोनात वाकलेल्या क्रॉसमधून, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकत्या सांध्यातून, फिरताना शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला तर तो हा चढउतार गिळून टाकतो. माझ्या गाडीत दोन्ही टोकांचे कोन वेगळे होते. हे त्यांनी शाफ्ट हाताने फिरवून दाखवलं, तेव्हा मला पटलं. टायरवर पैसे घातले असते तर फुकट गेले असते.

शॅकल काढून एक पाटा वाढवा, हा त्यांचा पहिला सल्ला होता. त्याने हौसिंग फिरत नाही. पण घाट उतरताना माझी गाडी मोकळी असते, आणि मोकळ्या गाडीला जादा पाटा फार कडक होतो. म्हणून पाटा आणि हौसिंग यांच्यामध्ये ३ अंशांची पाचर घातली, जाड बाजू पुढे. पाचर पोलादी. ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण ओझ्याखाली तडकते, म्हणून ते ती ठेवतच नाहीत. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट लांब टाकला. मधलं बेअरिंग दहा मिलिमीटर खाली घेतलं. आता हिशेबाने पिनियन किंचित खालीच आहे, पण ते मुद्दाम: ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पीळ खातात आणि पिनियन आपोआप वर येतं. शाफ्ट खोलण्याआधी त्यांनी दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची खूण केली. जोडाचा एक दात जरी चुकून बसला असता तरी सगळं मोजमाप वाया गेलं असतं.

बिल ७,४०० रुपये झालं, दिवस पूर्ण गेला. ब्रेकच्या नळीला ढील पुरते का, हे न सांगता तपासलं. पाचशे किलोमीटरनंतर पाटे हौसिंगला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायला बोलावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

तक्रार एकच. असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीतल्या फेरबदलांचं कलम) येतो का, विम्यावर काय परिणाम होतो, हे मी विचारलं तेव्हाच विषय निघाला. तो त्यांनी आधी काढायला हवा होता.

त्यानंतर फोंडा घाट चार वेळा भरल्या गाडीने चढले. पहिल्या गिअरला निघताना हलकीशी थरथर एकदा जाणवते, पुढे ऐंशीपर्यंत काही नाही. आता कलमांची मुळं उघडी न पडता घरी पोचतात.