पश्चिमेच्या खिडकीला काय लावावं: घरी शिवलेला ब्लाइंड की दुकानातला रोलर?

जुळे सोलापुरात जाऊबाईंनी फ्लॅट घेतला. मोठ्या बेडरूमची खिडकी थेट पश्चिमेला. मार्च सरत आला की दुपारी तीननंतर त्या खोलीत गादीसुद्धा तापलेली असते. "शिवूया की विकतच आणूया?" त्यांनी विचारलं. माझ्या घरी दोन्ही आहेत. स्वयंपाकघरात विकतचा रोलर, म्हणजे वरच्या नळीवर गुंडाळला जाणारा पडदा, आणि झोपायच्या खोल्यांत मी शिवलेले घडीचे, म्हणजे मागची दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारे रोमन ब्लाइंड. त्यांना जे सांगितलं तेच इथे मांडते.

आधी कापडाचा हिशोब. त्यांची खिडकी ४ फूट रुंद, साडेचार फूट उंच. चुण्यांचा पडदा करायचा तर रुंदीच्या दुप्पट कापड लागतं. रोमन ब्लाइंड सपाट असतो, त्यामुळे ५४ इंच पन्ह्याचं पावणेदोन मीटर केसमेंट, म्हणजे पडद्याचं साधं सुती कापड, पुरतं. घड्या पाडणाऱ्या आडव्या काड्यांसाठी अस्तराला मागून चार बोगदे घालायचे असतात, म्हणून अस्तर दोन मीटर घ्यावं. रोलर चौरस फुटावर विकतात. ही खिडकी १८ चौरस फूट, तेव्हा दुकानदाराने सांगितलेल्या दराला १८ ने गुणा आणि बसवण्याची मजुरी वेगळी आहे का ते विचारा. घरी मशीन असेल तर शिवलेलाच स्वस्त पडतो. पण पहिल्या ब्लाइंडला दोन पूर्ण दिवस जातात, हेही धरून चाला.

उन्हाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. ऊन काचेतून आत आल्यावर गडद कापड ते शोषतं आणि खोलीतच सोडतं. काचेकडची बाजू पांढरी असेल तर बराच उजेड काचेतून परत बाहेर जातो. म्हणून अस्तर पांढरंच हवं. रोलर घेतलात तरी पाठ पांढरी असलेलाच घ्या. मात्र सर्वांत जास्त फरक पडतो तो खिडकीच्या बाहेरून लावलेल्या बांबूच्या चिकाने. सोसायटीची परवानगी मिळत असेल तर तो आधी लावा, मग आतलं ठरवा.

आता धुण्याचं, कारण माझ्या मते निवड इथेच होते. आपल्याकडे वाऱ्यासोबत धूळ येते आणि नळाला पाणी रोज येत नाही. रोलर धुवावा लागत नाही, ओल्या फडक्याने पुसला की झालं. फोडणीचा धूर आणि तेलकटपणा असलेल्या ओट्याजवळ म्हणूनच मी रोलर लावला. पण त्याची कड एकदा उसवली किंवा मधोमध घडी पडली की घरी काही करता येत नाही. शिवलेला ब्लाइंड वरच्या लाकडी पट्टीवर वेल्क्रोने चिकटवलेला असतो. दोरी सोडून तो ओढून काढायचा, काड्या बोगद्यातून बाहेर घ्यायच्या आणि बादलीत भिजवायचा. मागची दोरी ओवलेली एखादी कडी तुटली तर चार टाक्यांचं काम.

यात एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. पहिल्या ब्लाइंडला वरचं कापड मी न भिजवताच बेतलं, अस्तराचं मांजरपाट मात्र भिजवून घेतलं होतं. पहिल्याच धुण्यात वरचं कापड आटलं, अस्तर होतं तेवढंच राहिलं, आणि प्रत्येक काडीशी अस्तराला झोळ आला. अख्खा ब्लाइंड उसवून पुन्हा शिवावा लागला. तेव्हापासून दोन्ही कापडं रात्रभर पाण्यात, मग सावलीत वाळवून, इस्त्री करून, आणि त्यानंतरच कातर.

शिवताना कस लागतो तो कड्या लावताना. काडीच्या बोगद्यावर दर १०-१२ इंचांवर एक कडी, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या एका उभ्या रेषेत. एक कडी अर्धा इंच सरकली तरी दोरी तिरकी ओढते आणि ब्लाइंड एका बाजूने आधी वर जातो. मी खडूने आखते आणि दोरा ताणून रेष तपासते. दोन काड्यांमध्ये ११ इंच ठेवले, तर सर्वांत खालची काडी तळापासून त्याच्या निम्म्यावर येते. तसं केलं की घड्या एकावर एक बसतात. तळाला अॅल्युमिनियमची चपटी पट्टी घाला, तिच्या वजनाने कापड ताठ राहतं. पूर्ण ओढल्यावर वर ८ ते १० इंचांचा गठ्ठा राहतो, म्हणून वरची लाकडी पट्टी चौकटीच्या वर भिंतीत ठोकली तर संध्याकाळचा वारा अडत नाही.

सोलापुरात राहून चादरीचाच ब्लाइंड का नको, असं जाऊबाईंनी विचारलं. मलाही मोह झाला होता. २००५ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर दोन्ही बाजूंनी सुंदर दिसते. पण ती जाड असते, घड्या फुगतात, आणि कापली की कडेचे धागे सुटत जातात. चादर न कापता दाराला सरळ टांगावी, तिथे ती शोभते.

शिंप्याकडून शिवून घेणं हा मधला मार्ग. तसं करणार असाल तर काड्या निघाल्या पाहिजेत आणि वेल्क्रो हवा, हे आधी सांगा. आमच्या नात्यात एकीचे ब्लाइंड कायमचे टाके घालून आले, ते आजवर धुता आलेले नाहीत.

घरात लहान मूल असेल तर दोरीकडे दुर्लक्ष नको. लोंबती दोरी किंवा रोलरच्या साखळीचा फास मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. दोरी गुंडाळायचा आकडा ५ फुटांच्या वर लावा, साखळी भिंतीला क्लिपने ताणून बसवा आणि पाळणा खिडकीपासून दूर ठेवा.

जाऊबाईंचं शेवटी असं ठरलं: बेडरूमच्या दोन खिडक्यांना घरी शिवायचं, स्वयंपाकघराला रोलर, बाल्कनीच्या दाराला चादर. चाटी गल्लीतून, म्हणजे इथल्या कापडबाजारातून, कापड आणलंय. परवा नळाला पाणी येईल, तेव्हा ते भिजत घालायचं आहे.