टॉम यम पेस्टचे आठ महिने: चव उत्तम, मीठ मात्र असह्य

गेल्या आठवड्यात फडताळातले टॉम यम या तिखट-आंबट थाई सुपाच्या पेस्टचे एक पाकीट कडेने उसवले आणि त्यातल्या लाल तेलाचा ओघळ खालच्या पोह्यांच्या डब्यापर्यंत गेला. त्यावरून ग्राहक सेवेशी जो संवाद झाला, त्याविषयी पुढे लिहितेच. पण मार्चपासून आजवर अशी चौदा पाकिटे वापरली असल्यामुळे केवळ त्या एका गळतीवरून मत देणे योग्य होणार नाही.

हे पाकीट घेण्याचे कारण साधे होते. टॉम यमला लागणारा गवती चहा आमच्या ठाण्याच्या घरी कुंडीतच आहे, परंतु ताजे कोळिंजन (आल्यासारखे सुगंधी मूळ) आणि मखरूट लिंबाची (काफिर लाइमची) पाने आमच्या बाजारात सहज मिळत नाहीत, आणि मिळाली तरी दोन वाडगे सुपासाठी तेवढा खर्च करणे मला पटत नाही. पन्नास ग्रॅमची पेस्ट ९५ रुपयांत मिळते, कोळंबी मंगळवारच्या मासळीवालीकडून येते आणि पंधरा मिनिटांत रात्रीचे जेवण होते. कोळंबीच्या टॉम यमला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले आहे. तो थायलंडचा मूळ पदार्थ या पाकिटातून जसाच्या तसा मिळावा, अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती.

पहिला महिना मात्र अत्यंत निराशेचा गेला. पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे तीन कप पाणी उकळले, पेस्ट घातली, सोललेली कोळंबी घातली आणि पाच मिनिटे शिजवली. कोळंबी वातड झाली, सूप तिखट आणि आंबट लागले, परंतु त्यात समुद्राची चव काही उतरली नाही, आणि सगळ्यावर मात करून उरले ते मीठ. पैसे पाण्यात गेले असेच तेव्हा वाटले होते.

त्यातला अर्धा दोष माझा होता, हे एप्रिलमध्ये कळले. कोळंबी सोलताना डोकी आणि कवचे मी टाकून देत होते. अर्धा किलो अख्खी कोळंबी सोलली की हाती जेमतेम पाव किलो मांस येते, म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या वजनातला निम्मा भाग मी कचऱ्यात घालत होते. एके दिवशी ती डोकी चमचाभर तेलात नारिंगी होईपर्यंत परतली, पळीने दाबून त्यांतला रस काढला, पाणी घालून पंधरा मिनिटे उकळले आणि गाळून घेतले. त्या पाण्यात पेस्ट घातल्यावर जे सूप झाले, ते आणि आधीचे सूप एकाच पाकिटाचे आहे यावर घरात कोणाचा विश्वास बसेना. तेव्हापासून कोळंबी अगदी शेवटी घालते, ती वळून गुलाबी झाली की दोन मिनिटांत आच बंद करते, आणि लिंबू आच बंद केल्यावरच पिळते, कारण उकळत्या सुपात त्याची ताजी चव उडून जाते.

आता मिठाविषयी. वेष्टनावर एका वाढपात १,१०० मिलिग्रॅम सोडियम आणि पाकिटात चार वाढपे, असे छापलेले आहे. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते, म्हणजे एका वाढपात पावणेतीन ग्रॅम आणि अख्ख्या पाकिटात ११ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. भाताबरोबर सूप जेवणारा माणूस एका वाढपावर थांबत नाही, दोन घेतोच. म्हणजे दिवसभराच्या मर्यादेहून अधिक मीठ एका जेवणात पोटात जाते. माझ्या सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे ही आकडेमोड माझ्यासाठी कागदापुरती नाही. त्यातच सूचनेच्या शेवटी ‘चवीनुसार फिश सॉस घालावा’ असे लिहिले आहे. जो सॉस मुळात मीठ आणि मासे मुरवून करतात, तो या सुपात आणखी घालायला सांगणारा माणूस हे सूप स्वतः प्यायला असेल, असे मला वाटत नाही.

तीन कप म्हणजे पाऊण लिटर पाण्यात ११ ग्रॅम मीठ म्हणजे जवळजवळ दीड टक्का होतो. तेच पाणी सव्वा लिटर केले की प्रमाण ०.९ टक्क्याच्या खाली येते आणि चव बरोबर जमते. मात्र त्यासाठी डोक्यांचे पाणीच हवे, कारण साध्या पाण्याने पेस्ट फिकी पडते. कोळंबीऐवजी तिसऱ्या (शिंपले) घालायच्या असतील तर आणखी जपावे लागते. त्या उघडताना आतले खारे पाणी सोडतात, म्हणून मी त्या वेगळ्या वाफवते आणि पाकिटातली पेस्ट अर्धीच वापरते. माकुल (स्क्विड) घालायचे तर कड्या कापून शेवटच्या मिनिटाला घालाव्यात.

जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असताना दोन प्रयोग केले. गोठवलेल्या कोळंबीच्या पिशवीत बर्फाचे वजन बरेच निघाले आणि डोकी नसल्यामुळे सूप पुन्हा मार्चसारखे झाले. सोडे (सुकवलेली कोळंबी) भिजवून घातले तेव्हा रस्सा घट्ट चवीचा झाला, पण सोड्यांच्या वासापुढे गवती चहा हरला. सासऱ्यांना तेच सर्वांत आवडले, मला नाही.

गळक्या पाकिटाबद्दल ग्राहक सेवेला तीनदा फोन केला. आधी बॅच क्रमांकाचे छायाचित्र मागितले, मग दुकानाचे बिल, आणि ९५ रुपयांच्या वस्तूचे बिल जपून ठेवले नाही म्हटल्यावर तक्रारच बंद केली. तिसऱ्या फोनवर बदली पाकीट मान्य झाले, ते चार दिवसांत आले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्याच फोनवर पाण्याच्या प्रमाणाचा मुद्दा मांडला असता ‘पाणी आवडीनुसार वाढवू शकता’ एवढेच उत्तर मिळाले. बदली आलेल्या पाकिटावर तीन कप हेच प्रमाण छापलेले आहे. घरातल्या इतर कोणी सूप करायला घेतले तर चूक होऊ नये, म्हणून शिल्लक पाकिटांवर मी काळ्या मार्करने ‘सव्वा लिटर, फिश सॉस नको’ असे लिहून ठेवले आहे.