गांजाची मूत्रचाचणी कॅसेट: स्वस्त, पण वाचता यायला हवी

व्यसनमुक्ती केंद्रांच्या कपाटात हमखास दिसणारी ही टीएचसीची (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाची) कॅसेट. कटऑफ, म्हणजे जिथून निकाल पॉझिटिव्ह धरतात ती पातळी, बहुधा 50 नॅनोग्रॅम प्रति मिलि. फ्रिजमधलं किट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, पाकीट ऐनवेळी फोडायचं. ड्रॉपरने 3 थेंब, बुडबुडा न येऊ देता. 5 मिनिटांनी निकाल. 10 मिनिटांनंतर पाहिलेलं धरायचं नाही.

घोळ होतो तो रेषेवर. ‘टी’पाशी (टेस्ट) रेष उमटली म्हणजे निगेटिव्ह, मग ती कितीही फिकट असो. गरोदरपणाच्या चाचणीच्या अगदी उलट! ‘सी’ची (कंट्रोल) रेषच आली नाही तर कॅसेट बाद.

नमुना दिल्यापासून 4 मिनिटांच्या आत मोजलेलं त्याचं तापमान 32 ते 38 अंश सेल्सियसमध्ये नसेल, तर भेसळीची शंका घ्या. रोज ओढणाऱ्याचा निकाल सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. तेवढ्यावरून ‘पुन्हा ओढलास’ म्हणणं हा शुद्ध अन्याय. त्याच झाडाच्या पानांची भांगही पॉझिटिव्ह दाखवते, जरी 1985च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत. समुपदेशनाला कॅसेट पुरते, नोकरीवरून काढायला नाही. तिथे जीसी-एमएस, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेमक्या चाचणीची, पुष्टी हवीच.