सान हुआन नदीवर वाटाड्यासह ट्राउटची मासेमारी : एका दिवसाचा अनुभव

न्यू मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यात, नवाहो धरणाखालच्या सान हुआन नदीवर नाव आणि वाटाडा पुरवणाऱ्या एका सेवेबरोबर मेहुणा व मी फेब्रुवारीत पूर्ण दिवस घालवला. भोवती उजाड, कोरडे माळ असूनही येथे थंड पाण्यातला ट्राउट मासा पोसतो, कारण १९६० च्या दशकाच्या आरंभी बांधून झालेल्या या धरणाच्या खोल थरातून बाराही महिने सुमारे ६ ते ७ अंश सेल्सियसचे पाणी सोडले जाते. या पाण्यात मिज नावाच्या चिलटासारख्या कीटकांची पैदास वर्षभर चालते. तेच माशांचे मुख्य खाद्य असल्याने कृत्रिम माशीही, म्हणजे आमिष म्हणून गरीवर बांधलेली कीटकाची नक्कल, २२ ते २६ क्रमांकाच्या, तांदळाच्या दाण्याहून लहान गरीवर बांधलेली लागते.

वाटाड्याचे कसब वादातीत आहे. माशी प्रवाहाच्या वेगानेच वाहिली पाहिजे, दोर ताणला गेला की ती ओढली जाते आणि मासा तिच्याकडे फिरकत नाही, म्हणून दोर वेळीच उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा, हे त्याने सकाळभर न कंटाळता हातात बसवले. दुपारनंतर आम्हाला सहा रेनबो आणि एक ब्राउन ट्राउट लागले. धरणाखालच्या सुमारे चार मैलांच्या राखीव पट्ट्यात उलटा काटा नसलेली गरीच चालते आणि प्रत्येक मासा सोडून द्यावा लागतो. खाडीवर गरी टाकतानाच कालवणाचा बेत करणाऱ्या माझ्यासारख्याला हे जड गेले, हे कबूल करतो. पायांनी तळ ढवळून माशांना खाद्य सोडण्याची येथील बदनाम युक्ती करू नका, असेही त्याने आधीच बजावले होते.

सेवेच्या कारभाराबद्दल मात्र इतके चांगले लिहिता येत नाही. भाड्याने घेतलेले माझे वेडर्स, म्हणजे पाण्यात उभे राहताना घालायची जलरोधक विजार, गुडघ्यापाशी गळत होते आणि तक्रार करूनही त्यांचे भाडे पूर्णच घेतले गेले. वापरलेल्या माश्यांचे पैसे वेगळे द्यावे लागतील, हे नोंदणीच्या वेळी कोणी सांगितले नव्हते. मेहुण्यासाठी शाकाहारी जेवण कळवले असताना हाती आला तो मांस काढून घेतलेला सँडविच. मासे पकडणारा शाकाहारी त्यांना बहुधा पटला नसावा.

पाण्यावर उतरणाऱ्या माशीवर मासा उसळताना पाहायचा असेल, तर हिवाळ्यातील हा दिवस निराश करील, कारण आमची जवळजवळ सगळी मासेमारी बुडत्या माशीचीच होती. दोर सांभाळायला शिकायचे असेल तर याच वाटाड्याची मागणी करावी, वेडर्स स्वतःचे न्यावेत आणि माश्यांचा दर आधी लेखी मागून घ्यावा.