गिटारचा पर्सनल क्लास, एकच सर आणि आम्ही तिघं तीन लेव्हलचे

घरातले आम्ही तिघं एकाच सरांकडे गिटार शिकतोय, मी, माझी मुलगी आणि धाकटा भाऊ, प्रत्येकाचा क्लास वेगळा. क्लास शोधताना सगळे सरांना वाजवता किती येतं तेच बघतात. ते बघाच, पण समोरच्याचं नेमकं कुठे अडतंय हे त्यांना किती पटकन कळतं ते त्याहून जास्त बघा, आणि त्यात हे सर फार म्हणजे फारच भारी आहेत.

मी व्हिडिओ बघून शिकलेलो. ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून एकत्र वाजवायचे सूर) सगळ्या यायच्या पण एफची बार कॉर्ड, म्हणजे पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबून धरायची कॉर्ड, कधीच स्वच्छ वाजायची नाही आणि कॉर्ड बदलताना लय तुटायची. पहिल्या दिवशी सर म्हणाले तुम्हाला जे येतं ते वाजवा, मधे एकदाही थांबवलं नाही, सगळं ऐकून घेतलं आणि मग फक्त अंगठा आणि कोपर बघितलं. बार धरताना पहिलं बोट सपाट न ठेवता थोडं कडेवर वळवायचं, कोपर अंगाजवळ घ्यायचं. आणि एफ पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवर धातूच्या पट्ट्यांनी पडलेले कप्पे) शिकायचीच नाही! तिथे तार दाबायला सगळ्यात जड जाते, म्हणून तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरायचा आणि हळूहळू एकेक फ्रेट खाली यायचं. लयीसाठी मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून दोनच कॉर्ड, डावा हात चुकला तरी चालेल पण उजवा थांबता कामा नये. इतकी वर्षं मी उलटं करत होतो, डावा नीट बसेपर्यंत उजवा थांबवून ठेवायचो, आणि लय तिथेच जायची.

मुलगी अगदी कोरी. तिला लहान साइजची, नायलॉनच्या तारांची गिटार घ्यायला सांगितली कारण स्टीलच्या तारा कोवळ्या बोटांना फार टोचतात. सुरुवात ई मायनर कॉर्डपासून, दोनच बोटं लागतात. नोटेशनचं नावही काढलं नाही, आधी टाळी देत एक दोन तीन चार मोजायचं, मग एकाच तारेवर ओळखीची चाल कानाने शोधायची. घरी रोज थोडाच वेळ पण रोज, असं तिलाच सांगितलं, मला नाही, आणि ती ते पाळते.

भाऊ आधी कीबोर्ड शिकलेला, स्टाफ नोटेशन वाचतो, त्यामुळे त्याला बेसिक थिअरी परत घोटायला लावली नाही. त्याची अडचण वेगळीच होती, कीबोर्डवर एका सुराला एकच पट्टी, इथे तोच सूर चार ठिकाणी सापडतो. पहिल्या (सगळ्यात बारीक) मोकळ्या तारेचा ई हा सूर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर मिळतो, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावरही. मग कुठला वाजवायचा? हात पुढे कुठे जाणार आहे त्यावर ठरवायचं, हे त्याच्याकडून एकच ओळ वेगवेगळ्या जागी वाजवून घेऊन समजावलं.

आता खटकलेलं. सर काही लिहून देत नाहीत, घरी आलं की अर्धं विसरायला होतं, त्यामुळे स्वतःची वही ठेवा किंवा विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा. ऑनलाइन क्लासही घेतात पण आवाज उशिरा पोचत असल्यामुळे सोबत वाजवता येत नाही, नवख्या माणसाने तरी समोर बसूनच शिकावं. आणि दोघांत एक स्लॉट घेऊ नका, मी आणि भावाने करून बघितलं, एकाचं चालू असताना दुसरा नुसता बसून राहतो.

ट्रायलला जाताना घरचीच गिटार घेऊन जा. सर आधी तारांची उंची तपासतात, भावाच्या गिटारच्या तारा फ्रेटबोर्डपासून फारच वर होत्या, त्या सेट करून घेतल्यावर त्याचं बोटं दुखणं बरंच कमी झालं.