पुण्याभोवतीचे रंग टिपताना: ऑक्टोबर की मार्च?

पुणे परिसरात पानगळीचे रंग कॅमेऱ्यात टिपायचे असतील, तर माझी पसंती ऑक्टोबरपेक्षा मार्चला आहे, मग ऊन कितीही लागो. ऑक्टोबरात सिंहगड-पुरंदरच्या उतारांवरील गवत पिवळे पडू लागते आणि पावसाने धुतलेल्या हवेत दूरच्या डोंगररांगाही स्पष्ट उमटतात. मात्र झाडे तेव्हा हिरवीच असतात. मार्चमध्ये क्षितिज धुरकट असते, परंतु निष्पर्ण पळसाची केशरी फुले आणि ताम्हिणीकडील कुसुंबाची लालभडक कोवळी पालवी जवळून टिपता येते, आणि सूर्य पानांच्या मागे ठेवल्यास त्या पालवीची शीर न् शीर उजळून निघते. पानांवरील चकाकी कमी करणारा पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) दोन्ही वेळी सोबत असावा. ट्रायपॉड मात्र गडावरच्या वाऱ्यात हमखास हलतो.