डोरियन ग्रे: १३ प्रकरणांचा की २० प्रकरणांचा?

ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' ही कादंबरी घेण्याआधी प्रकरणं मोजा. १३ असतील तर ते आधीचं रूप, जुलै १८९० मध्ये 'लिपिंकॉट्स' मासिकात आलेलं. २० असतील तर १८९१ चं पुस्तक. दुकानात बहुतेक हेच मिळतं.

पुस्तकात गाजलेली प्रस्तावना आहे आणि डोरियनने झिडकारल्यावर जीव देणाऱ्या सिबिलचा भाऊ जेम्स व्हेनही. बहिणीच्या मृत्यूचा सूड घ्यायला तो पिस्तूल रोखतो. डोरियन म्हणतो, दिव्याखाली नेऊन माझा चेहरा बघ. उजेडात दिसतो विशीतला कोवळा पोरगा. बहीण जाऊन तर १८ वर्षं झालेली! (वय वाढतं ते डोरियनच्या चित्राचं, त्याच्या चेहऱ्याचं नाही.) जेम्स त्याला सोडून देतो. काय प्रसंग आहे हा!

मासिकातली कथा मात्र आटोपशीर, आणि तिथे चित्रकार बेसिल डोरियनवरचं प्रेम बरंच उघडपणे बोलून दाखवतो. टीकाकार तुटून पडले, मग वाइल्डने पुस्तकात ते सौम्य करून कलेच्या आदर्शाकडे वळवलं. मला हे फार लागतं. बेसिलचं काळीज नीट दिसलंच नाही, तर पुढे त्याचा खून तितका जिव्हारी लागत नाही.

म्हणून पहिल्या वाचनाला १३ प्रकरणांचीच घ्या. जेम्ससाठी दुसरी नंतर वाचाच.